दहा कारल्यांचा रस

सेनगुप्त कविराजांच्या घरी पहाटेची पहिली चाहूल म्हणजे कारली कुटण्याचा आवाज. दगडी खलात लोखंडी बत्ता पडू लागला की तळ्यावरची बदकं जागी व्हायची, शेजारची सुतारीण चूल सारवायला उठायची. बंगालातल्या अजय नदीकाठच्या त्या लाल मातीच्या गावात वैद्याला कविराज म्हणत. क्षीरोदचंद्र सेनगुप्त हे पंचक्रोशीतले नावाजलेले कविराज. त्यांच्या अंगणातला कारल्याचा मांडव ताडाच्या खोडांवर उभा होता आणि ज्येष्ठाच्या उन्हातही हिरवागार असायचा.

बत्ता चालवायची ती तरुलता, कविराजांची एकुलती एक मुलगी. सतरा वर्षांची. आई तिला जन्म देताना गेली, तेव्हा तिला पदराखाली घेतलं ते धाकट्या काकूने, विभावतीने. विभावती स्वतः तेव्हा पंधरा वर्षांची आणि विधवा होऊन तीन महिने झालेली. पोरगी तिला काकिमा म्हणायची, पण घास भरवणारी, वेणी घालणारी, ताप आला की रात्र जागणारी तीच.

आणि आता त्याच काकिमासाठी तरू रोज पहाटे दहा कारली कुटत होती.

"आलीस का यमदूतीण?" मागच्या ओसरीवरून काकिमाने विचारलं. "किती आज?"

"दहा."

"कालही दहाच होती. मांडव आहे की राक्षस?"

"नाक दाबून पिऊन टाक, काकिमा."

"नाक कशाला दाबू? परवा मला डास चावला, तो तोंड वाकडं करून पळाला."

तरू हसली. काकिमाही हसली, पण तिच्या छातीचा भाता इतक्या जोराने चालला होता की पांढऱ्या लुगड्याचा पदर थडथड उडत होता. सहा महिन्यांत ती वाळून काटकी झाली होती. गळ्याशी अंड्याएवढी गाठ, आणि डोळे असे बाहेर आलेले की पापण्या मिटायच्या नाहीत. हात सतत कापायचा. ऐन पौषात ती घामाने भिजायची. आणि भूक! भूक अशी लागायची की ती बसल्या जागी भिंतीची माती नखाने कुरतडायची.

"तरू, भाताचा वास येतोय गं?"

"अजून चूलही पेटली नाही."

"मला येतो. झोपेतसुद्धा येतो. झोप लागली तर."

तिने वाटी हातात घेतली. हात कापला, वाटी निसटली आणि हिरवा रस नुकत्या सारवलेल्या जमिनीवर पसरला. तिथेच पलीकडे ठाकुमा, म्हणजे तरूची आजी, गोपाळाची पूजा मांडत बसली होती. शिंतोडे तिच्या सोवळ्यावर उडाले.

"सांडलंस? माझा पोरगा तुझ्यासाठी औषध नेमून देतो, ते तू मातीला पाजतेस?"

"हात थरथरतो, आई."

"खायला बरा थरथरत नाही! आणि डोळे खाली कर. सासूकडे वटारून बघतेस?"

"वटारत नाही हो. ते मिटतच नाहीत."

ठाकुमाने चुलीजवळचा लोखंडी चिमटा उचलला आणि त्या थरथरत्या मनगटावर हाणला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी हाडाचा आवाज आला. काकिमा मनगट पोटाशी धरून गुडघ्यांत वाकली.

"कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच," ठाकुमा म्हणाली. "तरू, पुन्हा दहा कुट. सांडलं म्हणून सुटका नाही."

तरूने पुन्हा दहा कारली खुडली. त्या दिवशी पहिल्यांदा बत्ता उचलताना तिला वाटलं, आपण औषध कुटत नाही आहोत.

असं वाटायला कारण होतं. कविराजांना जवळचं दिसत नसे, म्हणून रोग्यांची वही तरू लिहायची. बाबा सांगायचे, ती टिपून घ्यायची. त्याच वहीत, गेल्या हिवाळ्याच्या पानांवर, रायबाबूंचा रोग तिने स्वतःच्या अक्षरात लिहिला होता. नलिनाक्ष राय म्हणजे भाताच्या गिरणीचे मालक. पालखीतून आले होते. बाहेर आलेले डोळे, सुजलेला गळा, थरथरणारी बोटं, घाम, आणि हीच राक्षसी भूक. बाबांनी तीन सकाळ त्यांची नाडी धरली होती.

"भस्मक," बाबा म्हणाले होते. "पोटातला अग्नी भडकलाय. त्याला खायला मिळालं नाही तर तो माणसालाच खातो. लिही, तरू. घट्ट दूध. तुपातली तांदळाची खीर. रोहू माशाचं डोकं. भूक लागायच्या आधीच खायला द्यायचं. थंड खोलीत विश्रांती. जेवणाच्या सुरुवातीला तळलेल्या कारल्याच्या चार फोडी."

महिन्याभराने नाडी पाहून बाबांनी मान हलवली होती आणि कलकत्त्याच्या एका डॉक्टरांना पत्र लिहवलं होतं: माझ्या औषधाची हद्द संपली, आता आपल्या गोळ्या आणि शस्त्र लागेल. केवढा अभिमान वाटला होता तरूला! हद्द संपली म्हणणारा वैद्य तिने दुसरा पाहिला नव्हता.

दहा पानांनंतर, त्याच वहीत, त्याच अक्षरात काकिमा होती. दहा कारल्यांचा रस, उपाशीपोटी. दिवसातून एकदा अळणी भात. दूध, तूप, गोड वर्ज्य. एकादशीला पाणीही नाही. नाडीची जागा कोरी.

त्या दिवशी दुपारी तिने धीर केला. बाबा बैठकीत गोळ्या वळत बसले होते.

"बाबा, काकिमाची नाडी बघा ना एकदा."

"डोकं फिरलंय का? थोरल्या दिराने धाकट्या भावजयीला शिवायचं असतं? तिची सावली अंगावर पडली तरी मला नहावं लागतं."

"मग न बघता औषध कसं दिलंत?"

"तू सांगितलीस ना लक्षणं. पडद्याआडच्या शंभर बायकांना देतो तसंच दिलं."

"पण रायबाबूंना हाच रोग होता. त्यांना तुम्ही खीर दिलीत."

कविराजांची बोटं थांबली. ते दुष्ट नव्हते. गरिबाला फुकट औषध द्यायचे, महारोग्याच्या जखमा स्वतः धुवायचे. म्हणूनच त्यांचं उत्तर तरूच्या काळजात जन्मभर रुतून राहिलं.

"रायबाबू पुरुष आहेत," ते शांतपणे म्हणाले. "विधवेचा अग्नी वाढला तर तो पोटापुरता राहत नाही. तो कुळाला लागतो. कारल्याने तो मारायचा असतो."

"आणि तीच मेली तर?"

"जीभ आवर."

दुसऱ्या दिवशी दशमी. उद्याची निर्जळी एकादशी, ज्येष्ठातली, वर्षातली सगळ्यांत कडक. दुपारी तरू जेवली. माशाचं कालवण होतं. ताटात चार शितं आणि थोडा रस्सा मुद्दाम ठेवून ती उठली. का ठेवला, हे तिने स्वतःलाही सांगितलं नाही. उष्टी भांडी तळ्यावर नेऊन घासणं हे काकिमाचं काम होतं.

तळ्याच्या पायरीवर काकिमा बसली. इकडे तिकडे पाहिलं. मग तिने ते ताट दोन्ही हातांनी तोंडाला लावलं. मनगट सुजलेलं, ताट दातांवर आपटत होतं. रस्सा हनुवटीवरून ओघळला, तो तिने बोटाने पुसून चाटला. सतरा वर्षांनी माशाची चव.

मागून ठाकुमाची किंकाळी आली.

"राक्षसी! माझ्या लेकाला खाल्लंस, आता मासा खातेस?"

काकिमाचे केस दर महिन्याला भादरले जायचे, बोटभर खुंट तेवढे असायचे. ठाकुमाने तेच मुठीत धरले आणि तिचं तोंड पायरीच्या दगडावर आपटलं. तळ्यावरच्या बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. एकीनेही पाय हलवला नाही. पुन्हा आपटलं. दात तुटून पायरीवर पडला. रक्त आणि रस्सा एकाच रंगाचे होऊन पाण्यात उतरले.

"थुंक! थुंकून टाक!"

"गिळलं, आई," काकिमा म्हणाली. तोंडभर रक्त असताना ती हसत होती की रडत होती, ते कळेना. "आता कसं थुंकू? गेलं खाली."

तरू धावत पोचली तोवर कविराजही आले होते. दहा पावलांवर ते थांबले. भावजय उघड्या डोक्याने पडलेली, म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. मग, तोंड फिरवलेलंच ठेवून, पायातली लाकडी खडाव काढली आणि फेकली. ती काकिमाच्या गळ्यावर, त्या गाठीवरच लागली. हात लावण्यात पाप होतं. खडाव फेकण्यात नव्हतं.

"औषधांच्या खोलीत बंद करा," ते म्हणाले. "परवा द्वादशीला प्रायश्चित्त बघू."

औषधांची खोली म्हणजे मातीची, बिनखिडकीची कोठी. मुळ्या, साली, वाळवलेल्या फोडी यांच्या टोपल्या तिथे असत. ठाकुमाने काकिमाला फरफटत नेलं, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

एकादशीचा दिवस उजाडला तोच भाजत. लाल रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आतून आधी दारावर थापा आल्या. मग डोकं आपटल्यासारखे आवाज.

"तरू! बाय माझी, घोटभर पाणी! अंगात भट्टी पेटलीय गं!"

तरू तांब्या घेऊन गेली. दाराशी ठाकुमा माळ घेऊन बसली होती. तिच्याही ओठांना भेगा पडल्या होत्या. तिचीही निर्जळी होती.

"ठाकुमा, दार उघड. मरेल ती."

"एका दिवसाने कोणी मरत नाही. मी सव्वीसाव्या वर्षापासून करते आहे. बेचाळीस वर्षं. मेले का मी?"

"ती आजारी आहे!"

"मला काय ताप येत नव्हता? तुझ्या आजोबांच्या वर्षश्राद्धाला मला पटकी झाली होती. एकादशी पडली. माझ्या सासूने पाणी दिलं नाही. कानात ओतले दोन थेंब, थंडावा यावा म्हणून. कानातलं पाणी घशात येतं का ते बघत पडले होते मी."

हे सांगताना म्हातारीचा आवाज कुठेही हलला नाही. तरूला त्याचंच भय वाटलं.

दुपार चढली तशा थापा थांबल्या. आतून बडबड ऐकू येऊ लागली. काकिमा कुणाला तरी जेवायला वाढत होती. "भात घ्या, अजून घ्या, लाजू नका." मग ती एक अंगाई म्हणू लागली, तरूला झोपवताना म्हणायची ती. मग तीही मधेच तुटली.

तरूने खलाशेजारचा लोखंडी बत्ता उचलला आणि कुलपावर घातला.

ठाकुमा तिच्या पायांना बिलगली. "क्षीरोद! धाव रे!" कविराज आले. त्यांनी दुसऱ्या खडावेने मुलीच्या पाठीवर मारलं, खांद्यावर मारलं, कानशिलावर मारलं. मुलीला शिवायला त्यांना आडकाठी नव्हती. वेणी धरून मागे ओढलं. तरूच्या कानातून रक्त आलं. तिने वेणी सोडवली नाही, रडली नाही. बत्ता खाली येत राहिला, पहाटेच्या तालात. आठवा, नववा. दहाव्या घावाला कडी उखडली.

आत टोपल्या उलथ्या पडल्या होत्या. काकिमा भिंतीशी टेकून बसली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, श्वास कुत्र्यासारखा. डोळे सताड उघडे. तरूने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या ओठांना लावला.

"एकादशी आहे गं!" ठाकुमा किंचाळली.

तरूने पाणी ओतलं. ते आत गेलं नाही. ओठांच्या कडेने परत बाहेर आलं आणि त्याच्याबरोबर काहीतरी हिरवट, चघळलेलं आलं. तरूने बोट घालून तोंड मोकळं केलं. वाळवलेल्या कारल्याच्या फोडी होत्या. गालफडं भरून. मूठ उघडली, मुठीतही त्याच. त्या अंधाऱ्या कोठीत चाचपडत काकिमाने टोपली शोधली होती, आणि खाण्यासारखं जे एकच हाती लागलं ते खाल्लं होतं.

"काकिमा, थुंक. मी भात आणते. ऐकतेस ना? भात आणते."

काकिमाच्या गळ्यातली शीर दोनदा जोरात उडाली आणि थांबली. तरूने पापण्या मिटायचा प्रयत्न केला. त्या मिटल्या नाहीत. कविराज उंबऱ्याबाहेर उभे होते. नाडी बघायला ते तेव्हाही आत आले नाहीत.

सुतक फिटलं. पुढच्या दशमीला, सुतक संपल्यावर घालायच्या तिकडच्या रीतीप्रमाणे, माशाचं जेवण घातलं गेलं. गावातली चाळीस पानं अंगणात, कारल्याच्या मांडवाच्या सावलीला बसली. पहिल्या पानावर रायबाबू होते. गुटगुटीत झाले होते. गळ्यावर शस्त्राचा बारीक व्रण, डोळे शांत.

"कविराज, तुमच्या खिरीने मला कलकत्त्यापर्यंत जिवंत पोचवलं हो," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाला, उपाशी ठेवला असता तर वाटेतच आटपला असता. तुमच्या भावजयीचं वाईट झालं. काय होतं तिला?"

"पित्त," कविराज म्हणाले. "वाढ, तरू."

बंगालात जेवणाची सुरुवात कडवटाने होते. तरू तळलेल्या कारल्याची परात घेऊन आली. कानावर अजून पट्टी होती. प्रत्येक पानावर तिने चार फोडी वाढल्या. मग परात खाली ठेवून कमरेला खोचलेली वही काढली.

"रायबाबू, काय होतं ते वाचून दाखवते. माझंच अक्षर आहे." आणि तिने दोन्ही पानं वाचली. आधी त्यांचं. डोळे, गळा, थरथर, भूक. दूध, खीर, माशाचं डोकं, चार फोडी. मग काकिमाचं. डोळे, गळा, थरथर, भूक. दहा कारल्यांचा रस, उपाशीपोटी.

"कारलं वाईट नाही," ती म्हणाली. "तुम्हाला भरल्या ताटाच्या आधी मिळालं. तिला ताटाच्या जागी मिळालं. रोग एकच होता. तुम्ही पुरुष होतात, ती विधवा होती. आणि दहा कारली रोज मी कुटत होते. मारणाऱ्यांत माझंही नाव लिहा."

रायबाबूंचा घास तोंडापर्यंत गेला होता. त्यांनी तो खाली ठेवला. हात आपोआप गळ्याच्या व्रणावर गेला. ते पानावरून उठले आणि हात न धुताच चालू लागले. त्यांच्या मागे एक पान उठलं, मग तीन. बाकीचे माना खाली घालून जेवू लागले, कारण मासा ताजा होता.

कविराजांनी खडाव काढली. भर अंगणात, लेकीच्या पट्टी बांधलेल्या कानाच्या दिशेने ती उगारली. आणि खाली आली ती ठाकुमाच्या कपाळावर. म्हातारी कधी मध्ये येऊन उभी राहिली, कोणालाच दिसलं नव्हतं.

"आई!"

रक्त भुवईवरून पांढऱ्या लुगड्यावर टपकलं. ठाकुमाने ते पुसलं नाही.

"तिला मी मारलं तेव्हा तू तोंड फिरवून उभा होतास, क्षीरोद. आता बघ. आता आईला लागलंय, आईला शिवता येतं. बघ नाडी."

तिने हात पुढे केला. कविराजांनी हात पुढे केला नाही. जेवणारेही थांबले. खूप वेळ ते मनगट तसंच हवेत राहिलं.

दुसऱ्या दिवशी एकादशी. पहाटे त्या घरातून कुटण्याचा आवाज आला नाही. तो पुढे कधीच आला नाही. सुतारीण उशिरा उठली. तरू ओसरीवर वही उघडून बसली होती आणि काकिमाच्या पानावर नाडीच्या कोऱ्या जागेत लिहीत होती: कोणी पाहिली नाही. यापुढे ज्या बाईची नाडी बाबा धरणार नाहीत तिचं औषध आपण लिहायचं नाही, आणि जिला कलकत्त्याला न्यायला हवं तिला स्वतः बैलगाडीत घालून न्यायचं, एवढं तिचं ठरलं होतं.

ठाकुमा अंगणाच्या मधोमध येऊन बसली. बैठकीच्या दारातून थेट दिसेल अशी. बैठकीत कविराज होते.

"तरू," तिने मोठ्याने हाक मारली. "पाणी आण."

तरूला वाटलं, देवाच्या पूजेला. ती पळी-पंचपात्र घेऊन आली.

"हे नको. तांब्या आण. बेचाळीस वर्षं तहान लागलीय मला."

तरूने तांब्या आणला. म्हातारीने तो दोन्ही हातांनी धरला. हात थरथरत होते. थोडं पाणी सांडलं, सारवलेल्या जमिनीवर पसरलं. तिने त्या ओल्या डागाकडे पाहिलं, कितीतरी वेळ पाहिलं. मग तांब्या तोंडाला लावला, आणि घशाचा घटघट आवाज बैठकीपर्यंत जाईल असं, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.